सह्याद्रीवरच्या वाऱ्याला वर्षभराचं एकच वायबुल कशाला?

सडावाला (धागाकर्ता)
साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर दोन वेगवेगळे वारे वाहतात. जून ते सप्टेंबर अरबी समुद्राकडून येणारा, दिवसरात्र न थांबणारा मोसमी वारा. आणि उरलेले आठ महिने दुपारी उठणारा, मध्येच झोपणारा वारा. तरी अहवालांत वर्षभराच्या नोंदी एकाच पोत्यात ओतून एकच वायबुल वक्र (कोणता वेग किती वेळ असतो, ते दाखवणारा संख्याशास्त्रीय वक्र) बसवलेला दिसतो. आकाराचा गुणांक 'के' (जितका मोठा, तितके वेग सरासरीच्या जवळ), मापाचा 'सी', की झालं काम.

सोपे, कल्पित आकडे घेऊ. पावसाळ्याचे चार महिने सरासरी ९ मीटर प्रतिसेकंद, के ३. बाकी आठ महिने ४.५, के २. वर्षाची सरासरी ६. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, आणि खरी मेख इथेच आहे. नुसता सरासरीचा घन केला तर २१६. के २ धरून एकच वक्र लावला तर घनाची सरासरी साधारण ४१२. दोन्ही ऋतू वेगळे धरले तर ४५७. म्हणजे एकाच वक्राने दहा टक्के ऊर्जा हिशेबातून गायब. शिवाय त्या ४५७ पैकी तीन-चतुर्थांश वाटा एकट्या पावसाळ्याचा, हे त्या वक्रात कुठेच दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे ऋतूवार दोन वितरणं सक्तीची करा.

तिसरा_घात
असहमत. तुम्ही झोडताय ते सगळं वायबुल नव्हे, त्यातला फक्त रॅले, म्हणजे के २ ठोकून दिलेला वक्र. प्रत्यक्ष मोजणी हातात असताना तसं कोण करतं? रिसो संशोधन संस्थेच्या डॅनिश मंडळींनी युरोपच्या पवन-अ‍ॅटलाससाठी (१९८९) वॅस्प नावाचं जे सॉफ्टवेअर वापरलं, त्यात वक्र बसवायच्या अटीच दोन आहेत: एकूण ऊर्जा मूळ नोंदींइतकी यावी, आणि सरासरीपेक्षा जास्त वेगाच्या तासांचं प्रमाणही तेवढंच राहावं. म्हणजे तुमचा हरवलेला घन तिथे आधीच जुळवलेला असतो.

दुसरं, हे वक्र दिशावार बसवतात, साधारण बारा भाग करून. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा, हिवाळ्यात पूर्व-ईशान्येचा. दिशा वेगळ्या केल्या की ऋतू बरेचसे आपोआप वेगळे पडतात.

तिसरं, पवनचक्की काही सगळा घन खात नाही. ११-१२ मीटरला ती पूर्ण क्षमतेला पोचते, पुढे वारा वाढला तरी वीज तेवढीच. तुमचे दहा टक्के पात्यांपर्यंत येता येता बरेच आटतात.

सडावाला
ऊर्जा जुळवण्याचा मुद्दा मान्य, रॅलेचा टोमणाही. पण दिशेचा मुद्दा अर्धाच खरा. मार्च ते मे दुपारचा वारा आपल्याकडे पश्चिमेकडूनच चढतो. तो आणि जुलैचा वारा एकाच पश्चिम-भागात पडतात आणि पुन्हा तेच पोतं!

आणि वर्षाची बेरीज जुळली म्हणून भागत नाही. पूर्वी पवनऊर्जेची बँकिंग, म्हणजे जास्तीची वीज ग्रीडकडे जमा ठेवून नंतर वापरायची सोय, वर्षभराची असायची. जुलैची युनिटं कारखाना डिसेंबरात वापरायचा. आता हिशेब महिन्यापुरता. त्यामुळे कोणत्या महिन्यात किती, हा प्रश्न थेट पैशाचा झालाय. एका वार्षिक वक्राकडे त्याचं उत्तर नसतं.

कर्जखाते
दोघांनाही नमस्कार. मी पैसे देणाऱ्यांच्या बाजूचा. आम्ही पी-५० (निम्म्या वर्षी गाठला जाईल असा उत्पादनाचा आकडा) बघून खूश होत नाही, पी-९० विचारतो. दहातल्या नऊ वर्षी तरी एवढं उत्पादन येईल असा आकडा. एकूण अनिश्चितता १२ टक्के असेल तर पी-९० साधारण १५ टक्के खाली येतो. या १२ मध्ये वक्र कोणता बसवला याचा वाटा फार छोटा असतो.

मोठे वाटेकरी वेगळेच. ८० मीटरच्या मास्टवरचा (वारा मोजणाऱ्या मनोऱ्यावरचा) वेग १२० मीटरवर नेताना उंचीच्या गुणोत्तराला एक-सप्तमांशाचा घातांक डोळे मिटून लावतात: वेग ६ टक्के वाढतो, घन १९ टक्के. सपाट रानात ठीक. डोंगरमाथ्यावर वारा चढाने दाबला जाऊन जमिनीलगतच वेगवान झालेला असतो, वर गेल्यावर तेवढा वाढेलच असं नाही. आणि मास्ट असतो बहुधा वर्षभराचा. २०२० च्या जुलैत देशभर वारा पडला होता. नेमकं तेच वर्ष मोजलं असेल तर दोन वायबुल लावा नाहीतर बारा, काय फरक पडतो?

तिसरा_घात
कर्जखाते यांना +१. आणि सडावाला, महिनावार हिशेबच हवा असेल तर वितरणाच्या मागे कशाला लागता? युरोपच्या ईआरए-५ मध्ये (जुनी निरीक्षणं आणि हवामान-मॉडेल जुळवून केलेल्या माहितीसाठ्यात) १९४० पासूनचे तासातासाचे आकडे आहेत. मास्टच्या वर्षाशी त्यांचा संबंध जोडा, वीस वर्षांची तासवार मालिका तयार करा, पवनचक्कीच्या वेग-वीज वक्रातून काढा. एक नाही नि दोन नाही, वायबुलच नको.

सडावाला
ईआरए-५ ची जाळी साधारण ३१ किलोमीटरची. तेवढ्यात कोकणची उतरण, कडा, पठार आणि मागची खोरी सगळी येतात, मॉडेलच्या दृष्टीने तो एक गुळगुळीत उंचवटा. वॅस्पलाही असे उभे कडे झेपत नाहीत. उतार ३० टक्क्यांच्या वर गेला की वारा जमीन सोडतो आणि त्याचं गणित भरकटतं. संबंध जोडायचाच तर निदान ऋतूवार जोडा. जुलैचं नातं जानेवारीला लागू होत नाही.

ठोसेघर_फाटा
मधेच विचारतो. या पठारांवर वीस-पंचवीस वर्षं पवनचक्क्या फिरतायत. महिन्यामहिन्याच्या वीजनिर्मितीचे आकडे कोणाच्या तरी कपाटात असणारच. जुन्या काढून मोठ्या बसवायच्या गोष्टी चालल्यात, तर ते आकडे का वापरत नाहीत?

कर्जखाते
वापरतो, पण गाळून. यंत्र बंद होतं की ग्रीड, हे जुन्या नोंदींत बहुधा लिहिलेलं नसतं. त्यातून उंची निम्मी, पाती छोटी. वर्षावर्षातला चढउतार त्यातून छान कळतो, नव्या यंत्राचं उत्पादन नाही.

सडावाला
म्हणजे महिनावार चढउतारही कळतो. मग माझी सक्ती नको असेल तर नको, पण अहवालात जुन्या यंत्रांचा महिनावार तक्ता वायबुलच्या शेजारी छापायला कोणाची हरकत आहे?

तिसरा_घात
माझी नाही. जुने मालक ते आकडे देतील का, ते त्यांना विचारा.