हिमनदी ‘माघार घेते’ की ‘आटते’?

प्रश्न : मी सोलापुरात नववीला भूगोल शिकवते. उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवरच्या हिमनद्यांबद्दल सांगताना ‘माघार’ म्हणाले, तर एका मुलीने विचारलं, “बाई, बर्फ उलटा डोंगर चढतो का?” मला उत्तर देता येईना. दुसरा शब्द आहे का?

उत्तर १ : ताई, मुलीची शंका अगदी रास्त आहे. हिमनदीतला बर्फ कायम उताराकडेच सरकतो. खालच्या टोकाशी जेवढा येऊन पोचतो त्याहून जास्त नाहीसा होतो, म्हणून टोक वर गेलेलं दिसतं. ‘वितळते’ही पुरेसं नाही. किलिमांजारोच्या माथ्यावर हवा इतकी थंड आणि कोरडी, की बराचसा बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन जातो. त्याला संप्लवन म्हणतात. ‘विरघळते’ तर नकोच, विरघळते ती साखर.

मी ‘आटते’ म्हणेन. दूध आटतं, विहीर आटते. पाणी कोणत्या वाटेने गेलं हे तो शब्द सांगत नाही. आवक कमी, जावक जास्त, एवढंच सांगतो. किलिमांजारोवर १९१२ साली सुमारे १२ चौरस किलोमीटर बर्फ होता, २०११मध्ये दोनाहूनही कमी.

उत्तर २ : शब्द आवडला, पण एक अडचण आहे. आपल्याकडे आटलेलं पुन्हा भरतं. उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे पाणी वापरायच्या साठ्याच्याही खाली उतरतं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आणि भीमेला पाणी आलं की पुन्हा बुडतं. मुलांना हिमनदीचंही तसंच वाटेल. पेरू देशात केल्काया नावाची मोठी हिमटोपी, म्हणजे डोंगरमाथ्यावर पसरलेला बर्फाचा थर, आहे. तिची कड सरकली तेव्हा खालून वनस्पती निघाल्या, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या, तरी शाबूत. मध्ये कधी फार काळ उघड्या पडल्या असत्या तर कुजून गेल्या असत्या. देवळाचं दर्शन आणि हे दर्शन एका क्रियापदात कसं बसवायचं?

उत्तर १ : मुद्दा मान्य. मग रूप बदलू. ‘आटते’ म्हटलं की दरसालचं वाटतं, म्हणून ते उजनीला ठेवा. केल्कायाला ‘आटत चालली’. आणि बोलिव्हियातली चाकालताया हिमनदी २००९पर्यंत संपलीच, तिला ‘आटून गेली’.

प्रश्नकर्ती : उद्या फळ्यावर ही तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिते. त्या मुलीलाच पुढे बोलावून वाचायला लावेन.