मदत हवी आहे: ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मधला शंख आणि रॉजर

नमस्कार मंडळी. निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची ही विल्यम गोल्डिंगची १९५४ची कादंबरी भाचीला शाळेत अभ्यासाला आहे, आणि तिच्यासोबत मीही ती पुन्हा वाचतेय. मुलांना सभेला बोलावणारा शंख म्हणजे लोकशाही, पिगी नावाच्या मुलाचा चष्मा म्हणजे बुद्धी, हे गाइडमध्ये मिळतंच. आम्ही अडलोय त्यांच्यातल्या रॉजरपाशी.

चौथ्या प्रकरणात तो छोट्या हेन्रीच्या दिशेने दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती काही यार्ड जागा मोकळी सोडतो. आईवडील, शाळा, पोलीस, कायदा यांचा धाक अजून त्याच्या हातात असतो. अकराव्या प्रकरणात हाच मुलगा भलामोठा धोंडा लोटतो, पिगी मरतो, शंखाचा चुरा होतो. भाची म्हणाली, “मावशी, पण शंखाचा रंग तर आधीच उडत चालला होता ना?” मी गप्पच झाले. खरंच, उन्हावाऱ्याने तो पांढरा पडल्याचं लेखक मध्येच सांगून जातो.

तर प्रश्न असा: क्रूरपणा मुलांच्या आतच होता आणि धाक सुटताच वर आला, की तोंडं रंगवून शिकारी मुलांच्या टोळीत शिरल्यावर तो तयार झाला? गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, त्यामुळे मला पहिलं पटतं. पण मग याच मुलांतल्या सायमनचं काय? कुणी सांगितलेलं नसताना तो लहानग्यांना उंचावरची फळं काढून देतो. त्याला निबंधात कुठे बसवायचं? कुणी शिकवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, परवा निबंध द्यायचाय.