मामांच्या कॅनन एफडी लेन्स आर१० वर लावायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मामांच्या तीन लेन्स आता माझ्याकडे आल्या आहेत. तिन्ही कॅननच्या जुन्या एफडी माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा) : ५० मिमी एफ/१.८, २८ मिमी एफ/२.८ आणि १३५ मिमी एफ/३.५. आमच्याकडची लग्नं, मुंजी, बारशी मामांनी याच लेन्सनी टिपली. त्यांचा एई-१ हा फिल्मचा कॅमेरा आता चालत नाही, पण लेन्स कपाटात पडून राहू नयेत असं मला फार वाटतं. माझा कॅमेरा कॅनन आर१०. पाडव्याला ठाण्याच्या स्वागतयात्रेचे फोटो त्यांच्या १३५ नेच काढायची इच्छा आहे.

कॅननने १९८७ मध्ये ईओएस कॅमेरे आणताना माउंट बदलला, म्हणून कंपनी एक असूनही लेन्स बसत नाही, एवढं समजलं. नौपाड्यातल्या एका दुकानात ईएफ (ईओएसचा माउंट) ते आरएफ (आर१० चा माउंट) अडॅप्टर दाखवून 'कॅननचाच आहे, चालेल' म्हणाले. मला शंका आहे. ऑनलाइन पाहिलं तर काही अडॅप्टरमध्ये काच असते, काहींत नसते. कुठला घ्यायचा?

शिवाय ५० ची ॲपर्चर रिंग (प्रकाश कमी-जास्त करणारी कडी) फिरवली तरी आतली पाती हलत नाहीत. बिघडली असेल का? आणि २८ मध्ये टॉर्च मारला की कडेला बारीक पांढरे धागे दिसतात. तिला बाकीच्या दोघींपासून लांब ठेवू का?

प्रतिसाद

ताई, तो ईएफवाला घेऊ नका, एफडी त्यात बसणारच नाही. 'एफडी ते आरएफ' असाच मागा, आणि बिनकाचेचा. एफडी लेन्सला सेन्सरपासून ४२ मिमी अंतर लागतं. जुन्या ईएफ बॉडीत ते ४४ होतं, म्हणून लांबचा फोकस मिळवायला मध्ये काच घालावी लागे आणि फोटो मऊ पडे. आरएफचं अंतर २० मिमी, त्यामुळे २२ मिमीची नुसती पोकळ रिंग पुरते.

पाती बहुधा ठीक असतील. एफडी लेन्स सुटी असताना पाती रिंगला दाद देत नाहीत. अडॅप्टरवर 'लॉक-ओपन' अशी कडी असते, ती लॉककडे फिरवून बघा. लेन्सची रिंग मात्र 'ए' वर नको, आकड्यावर हवी. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, नाहीतर कॅमेरा क्लिकच करणार नाही. एव्ही मोडमध्ये (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा) मीटरिंग, म्हणजे प्रकाशाचं मोजमाप, मिळतं. फोकस हातानेच, त्यासाठी पीकिंग (स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी सोय) आणि मॅग्निफाय वापरा. आर१० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) नाही आणि सेन्सर छोटा असल्याने १३५ ची चौकट २१६ मिमी लेन्ससारखी दिसते, तेव्हा शटर १/२५० च्या खाली नेऊ नका.

२८ मध्ये फंगसच दिसतेय. वेगळी ठेवलीत तर चांगलंच, पण खरा शत्रू आपल्याकडची दमट हवा. बीजाणू सगळीकडे असतातच. चामड्याच्या केसमधून तिन्ही आजच बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. कडेचे चार धागे फोटोत सहसा दिसत नाहीत, पण वाढून काचेवरचं कोटिंग खाल्लं की इलाज नाही. म्हणून फोर्टच्या बोरा बाजारात दाखवून घ्या. घरी खोलू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार! केस आत्ताच बाजूला काढल्या. लेझीम, ढोलपथक सतत पुढे सरकत असतं, तिथे हाताने फोकस कसा साधायचा?

प्रतिसाद

अंतर आधी लावून ठेवा आणि माणूस तिथे आला की क्लिक करा. १३५ वर एफ/८ ला आठ मीटरवर जेमतेम एक मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ती गच्चीवरून किंवा ध्वज धरून उभ्या असलेल्यांसाठी ठेवा. गर्दीत ५० लावा : एफ/८, फोकस पाच मीटरवर, म्हणजे साधारण चार ते सात मीटरमधलं सगळं स्पष्ट येईल.