एलियाहू हन्नाबीची वाट पाहताना

रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या पट्ट्यात वाढलेल्या आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मुलांना देव कसा असतो हे कोणी फारसे समजावून सांगितले नाही, पण एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, कसा येतो हे प्रत्येकाला ठाऊक होते. नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून आपली जमात वाढली, ही परंपरेने आलेली कथा सांगताना माझी आजी त्यातही त्यालाच आणत असे. आमच्या पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, ते बंद ठेवले आणि म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले, हे मला पुष्कळ नंतर कळले. हन्नाबी मात्र पहिल्यापासून घरातला होता.

आज भारतात ही जमात काही हजारांवर आली आहे. म्हणून एक विनंती करते. ज्यांनी लहानपणी त्याची वाट पाहिली त्यांनी ती आठवण जशीच्या तशी लिहावी. मोठेपणी सुचलेले स्पष्टीकरण तिला जोडू नये. सुरुवात मी करते; आधीच आलेल्या काही आठवणी पुढे देते.

माझा धाकटा भाऊ विषमज्वरातून उठला तेव्हा बोललेला नवस फेडण्यासाठी आमच्याकडे हन्नाबीच्या नावाने मलीदा झाला. आजीने पोहे धुऊन निथळत ठेवले, नारळ खवला, साखर आणि वेलचीची पूड घालून सगळे हलक्या हाताने कालवले आणि मोठ्या ताटात त्याचा उंच ढीग रचला. त्यावर खजूर, बदाम आणि भोवती केळी, सफरचंदे, गुलाबाची फुले. हन्नाबी जेवतो कसा, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तो वास घेतो, बाळ. आपल्याला पुरावे म्हणून खात नाही." मी सहा वर्षांची होते. मोठी माणसे हिब्रू प्रार्थना म्हणत होती आणि माझे डोळे त्या ढिगावर खिळलेले होते. प्रार्थना संपता संपता ढिगाच्या एका बाजूला लहानशी खळी पडलेली मला दिसली. मी आजीचा पदर ओढून ती दाखवली. तिने पाहिले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वाटप करताना त्या खळीच्या जागचे पोहे पहिल्यांदा माझ्या भावाच्या हातावर घातले.

ठाण्याहून एका काकांनी लिहिले आहे:

आमचे वडील दर वर्षी आम्हाला अलिबागजवळच्या खंडाळ्याला नेत (घाटातला खंडाळा नव्हे). तिथल्या कातळावर हन्नाबीच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत आणि हिब्रू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी तो तिथूनच स्वर्गात गेला, अशी आपली श्रद्धा आहे. वडील चपला दूर काढून ठेवायला लावत, मग मेणबत्ती लावत. मी टापेच्या खळग्यात तळहात ठेवून पाहत असे. पहिल्या वर्षी हात त्यात पार बुडाला. पुढे दर वर्षी तो थोडा अधिक भरू लागला आणि मला वाईट वाटू लागले, कारण मी वाढतो आहे हे मला पटत नव्हते. मला वाटे, दगड मिटत चालला आहे आणि एक दिवस ही वाट बंद होईल. हे मी वडिलांना कधी सांगितले नाही. सांगायला हवे होते, असे आता फार वाटते.

अलिबागच्याच एका ताईंनी, ज्या बेने इस्रायल नाहीत, थोडक्यात पण मनापासून लिहिले आहे:

आमचे घर इस्रायल आळीला लागून होते. शनिवारी शेजारच्या आजी विस्तवाला हात लावत नसत, म्हणून त्यांची चूल पेटवायला मी जात असे. त्यांच्या देवाने हे काम मुद्दाम माझ्यासाठी राखून ठेवले आहे, असे मी धरून चालले होते. शुक्रवारी संध्याकाळी त्या काळ्या मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हणत आणि पेलाभर सरबत माझ्यासाठी झाकून ठेवत.

आता पुण्याला असलेल्या एका गृहस्थांचा अनुभव वाचून मी बराच वेळ पुढे काही वाचू शकले नाही:

आमच्या कोकणातल्या गावच्या सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणारी दहा प्रौढ पुरुषांची संख्या, म्हणजे मिनयान, जमवणे माझ्या लहानपणीच कठीण झाले होते. घरटी कोणी ना कोणी मुंबईला किंवा इस्रायलला गेले होते. मी अकरा वर्षांचा होतो आणि मुलगा तेराव्या वर्षापर्यंत मोजला जात नाही. एका शब्बाथच्या सकाळी नऊ जण आले. दहावा हन्नाबी येणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, कारण अडचणीच्या वेळी तो परक्या माणसाच्या वेषात येतो असे आम्हाला सांगितले होते. मी दाराकडे तोंड करून बसलो. पनवेलकडून येणारी एस.टी. थांबल्याचा आवाज आला, पण पायऱ्यांवर कोणी चढले नाही. एकट्याने म्हणता येते तेवढी प्रार्थना सगळ्यांनी म्हटली. सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, पेटीतून बाहेर काढला नाही. वडिलांनी आपला सिसिथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, घडी करून पिशवीत ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी त्यांना धीर देण्यासाठी म्हणालो, "त्याची गाडी चुकली असेल." त्यांनी मला दारात उभे केले, पिशवी माझ्या हातात दिली आणि आम्ही पुढच्या एस.टी.पर्यंत तिथेच थांबलो.

शेवटी इस्रायलमधल्या दिमोनाहून आलेले पत्र. या बाईंनी ते शुद्ध, सुंदर मराठीत लिहिले आहे:

1960च्या दशकात आम्ही अलिबाग सोडले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दिमोना वाळवंटात आहे. हन्नाबीला आपले अलिबागचे घर माहीत होते, कारण त्याचा कातळ तिथून जवळ होता. इथे तो कसा पोचणार, ही एकच काळजी मला रात्री झोपू देत नसे. मी वर्गात त्या कातळाविषयी सांगितले तेव्हा शिक्षिका म्हणाल्या की असे कोणत्याही ग्रंथात नाही, आणि मुले हसली. घरी येऊन मी रडले. आईने सामानात जपून आणलेले पोहे काढले, ओला नारळ मिळत नव्हता म्हणून सुके खोबरे किसले आणि त्या शनिवारी हवदाला, म्हणजे शब्बाथ संपल्याची प्रार्थना, झाल्यावर मलीदा केला. "तो रथातून येतो," ती म्हणाली, "त्याला समुद्र काय नि वाळवंट काय." तेव्हापासून मी रोज सकाळी उठून दारापुढच्या वाळूत चाकाची खूण शोधू लागले. एका सकाळी तिथे खरोखरच एक लांब, सरळ रेघ उमटलेली होती. त्या दिवशी शाळेत न जाता मी उंबऱ्यावर बसून राहिले आणि संध्याकाळी बाबा कामावरून येईपर्यंत ती रेघ कोणालाही ओलांडू दिली नाही.