स्मरणिकेत ‘नाशिकच्या टॉप टेन मिसळ’ छापायच्या का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

*ए-२०३, सकाळी ९:१२*
नमस्कार मंडळी 🙏 गणपतीच्या स्मरणिकेसाठी एक कल्पना. एका मासिकाची टॉप रेस्टॉरंट्सची यादी काल ग्रुपवर फिरलीच. तशीच आपण ‘नाशिकच्या टॉप टेन मिसळ’ करूया. मी पोल टाकतो. प्रत्येक फ्लॅटने तीन नावं द्यायची, मतं मोजून नंबर लावायचे.

*सी-४०४, ९:१५*
माझं पहिलं मत अंबिकाला. तो काळा रस्सा दुसरीकडे नाही.

*बी-१०२, ९:१९*
सातपूरच्या श्यामसुंदरचं नाव घेतल्याशिवाय यादी सुरूच कशी होते?

*डी-३०१, ९:२४*
त्या मासिकाच्या यादीत नाशिकचं एक नाव नाही, हे कुणी पाहिलं का? सगळं मुंबई-दिल्ली-बंगळुरू. द्राक्षं आपली, वाईन आपली, कांदा आपला, आणि चांगलं जेवायला म्हणे मुंबईला जा. मला तर राग आला वाचून.

*ए-६०२, ९:४०*
पोल टाकायच्या आधी जरा थांबूया का? मला या याद्यांबद्दल मनापासून बोलायचंय, मोठा मेसेज आहे, वेळ काढून वाचा.

जगभर जिची सगळ्यात जास्त चर्चा होते ती ‘वर्ल्ड्स ५० बेस्ट’ यादी ‘रेस्टॉरंट’ नावाच्या ब्रिटिश मासिकाने २००२ मध्ये सुरू केली. आज तिला हजारावर लोक मतं देतात. त्यात शेफ असतात, खाण्यावर लिहिणारे असतात आणि खाण्यासाठी देशोदेशी फिरणारे असतात. जिथे मत द्यायचं तिथे गेल्या दीड वर्षात जेवलेलं असलं पाहिजे, ही मुख्य अट. चवीला इतके गुण, सेवेला इतके, असा तक्ता नाही. ‘बेस्ट’ कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणजे तो नंबर काय सांगतो? त्या दीड वर्षात अशा फिरत्या लोकांपैकी किती जण तिथे पोचले आणि कितींच्या ते लक्षात राहिलं. यात खोटं काही नाही. पण पहिल्या आणि सातव्या नंबरात चवीचा फरक किती, हे त्यातून कळायला मार्ग नाही, कारण पहिल्या ठिकाणी जेवलेला सातव्या ठिकाणी जेवलाच असेल असं नाही. शिवाय २०१९ पासून नियम असा की एकदा पहिला नंबर मिळवलेलं रेस्टॉरंट पुढच्या यादीत धरतच नाहीत. त्यामुळे नाव दिसलं नाही म्हणजे दर्जा घसरला, असंही म्हणता येत नाही.

नाशिकचं नाव नाही यात नाशिकच्या स्वयंपाकाचा काही कमीपणा नाही. मतं देणारे इथे येऊन जेवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

*ए-२०३, ९:५२*
ताई, तुमचं सगळं पटलं, पण म्हणून लहान गावांना यादीत जागाच नसते असं मात्र नाही. एल बुली हे रेस्टॉरंट बघा ना. स्पेनमधल्या रोझेस गावाबाहेर, डोंगररस्त्याने खाली उतरल्यावर समुद्राकाठी. चालू होतं तेव्हाही वर्षातले अनेक महिने बंदच असायचं. तरी २००२ मध्ये पहिलं आणि पुन्हा २००६ ते २००९ सलग चार वर्षं पहिलं. २०१९ ला पहिलं आलेलं मिराझूर फ्रान्सच्या टोकाला माँतों नावाच्या छोट्या गावात आहे. यादीमुळे लोक वाट वाकडी करून जातात. हा फायदा आपल्या मिसळवाल्यांना का नको?

*ए-६०२, ९:५८*
हा मुद्दा खरा आहे, आणि यादीचं मोठं पुण्य तेच. ती लोकांना उठवून लांबच्या टेबलापर्यंत नेते. माझा आक्षेप फक्त एक-दोन-तीनला.

*बी-१०२, १०:०५*
मला तर अजून २०१५ आठवतं. दादरच्या आस्वादच्या मिसळीला लंडनच्या फूडी हब अवॉर्डमध्ये जगातली सर्वात चविष्ट शाकाहारी डिश ठरवलं होतं. आस्वादबद्दल आदरच आहे, मी स्वतः खाल्लीय, उत्तम. मराठी पदार्थाचं नाव झालं याचा आनंदही झाला. पण ठरवणाऱ्यांनी नाशिकची, पुण्याची, कोल्हापूरची किती ठिकाणं चाखली? जगातली म्हणताय तर आधी रविवारी सकाळी आपल्या नाशिकच्या साधना मिसळीला नंबर लावून उभे राहा.

*सी-४०४, १०:२१*
मी जरा आतली गोष्ट सांगते. माझ्या माहेरी मिसळीचं हॉटेल होतं. सकाळी सातला पातेलं खाली उतरलं की वर बोटभर तर्री तरंगत असायची. खोबरं-कांदा काळपट होईपर्यंत भाजलेला, मसाला तेलात पूर्ण सुटलेला. पहिल्या तासाभरातल्या गिऱ्हाइकाच्या वाटीत ती तर्री जायची. दहाला गर्दी वाढली की रस्सा पुरवायचा म्हणून आधणाचं पाणी पडायचं, आणि त्या मानाने मसाला पडेलच असं नाही. मटकी सकाळी दाताला लागायची, अकराला गाळ व्हायची. सात वाजताचा माणूस म्हणणार, अशी मिसळ नाही. अकराचा म्हणणार, पांचट. दोघंही खरं बोलतायत. ती दोन्ही मतं तुम्ही एका रकान्यात मोजणार, त्यातून नक्की कशाला नंबर देणार?

आणि दुसरं. मागे माझ्या भावाला एका ‘टॉप’ यादीवाल्यांचा फोन आला होता. निवड झालीय म्हणाले, आणि लगेच कार्यक्रमाचं प्रायोजक व्हायची रक्कम सांगितली. त्याने नाही म्हटलं. यादीत त्याचं नाव आलं नाही. तेव्हापासून कुठलीही यादी पाहिली की मी आधी विचारते, बिल कोणी भरलं?

*ए-६०२, १०:३०*
वहिनी, अगदी हेच विचारायला हवं. मिशेलिनचं मला त्यासाठीच पटतं. ती टायर कंपनी, १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी गाइड काढलं, १९२६ पासून चांगल्या जेवणाला तारा द्यायला लागली. त्यांचे निरीक्षक ओळख न देता जातात आणि स्वतःचं बिल स्वतः भरतात. आणि एक, दोन किंवा तीन तारे देतात, अमुक पहिला आणि तमुक अठरावा असं करत नाहीत.

तरी त्याचंही ओझं होतंच. फ्रान्सच्या सेबास्तियाँ ब्रा यांनी २०१७ मध्ये, तीन तारे हातात असताना, आमचं नाव गाइडमधून काढा म्हणून विनंती केली. प्रत्येक ताट तपासलं जाणार या दडपणाखाली त्यांना स्वयंपाक करायचा नव्हता. एवढ्या मोठ्या शेफची ही गत, मग पहाटे चारला उठून मटकी शिजवणाऱ्याची काय? आपल्याच बी-विंगमधल्या भाऊंची मिसळीची गाडी आहे. आपण त्यांना नववा नंबर छापून देणार आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटणार?

*बी-१०२, १०:३४*
हे मात्र मला अजिबात चालणार नाही. आरतीला रोज शेजारी उभा राहतो तो.

*ए-२०३, १०:४१*
भाऊंचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, नववा-बिववा नको. पण एक सांगतो. नंबर नसेल तर लोक वाचत नाहीत. काल ती यादी आपण सगळ्यांनी उघडली ती नंबर बघायलाच.

*ए-६०२, १०:४९*
उघडली खरी, पण त्यातून आपल्याला मिळालं काय? कुठे काय मागवावं, कधी जावं, एकही ओळ नाही. परवा माझ्या नणंदेने विचारलं, सासूबाईंना गुडघेदुखी आहे, मिसळीला कुठे नेऊ? तिला नंबर नको होता. खुर्ची आहे की बाकडं, रस्सा कमी तिखट मागता येतो का, गाडी कुठे लावायची, हे हवं होतं. ते आपल्याएवढं नीट कुठलंच मासिक सांगू शकत नाही, कारण आपण तिथे वर्षानुवर्षं, पाहुणे घेऊन, पावसात, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी गेलोय.

*डी-३०१, १०:५५*
हे आवडलं. मी नाशकात नवीन आलो तेव्हा असं पान हाती लागलं असतं तर बरं झालं असतं. मिसळीबरोबर दही-पापड येतो हेही मला ठाऊक नव्हतं.

*सेक्रेटरी (बी-५०१), ११:२०*
सगळं वाचलं. स्मरणिकेला चार पानं देतो. नंबर नाही. भागांप्रमाणे लावू: पंचवटी, जुनं नाशिक, सातपूर, गंगापूर रोड, सिडको. प्रत्येक ठिकाणाबद्दल शिफारस करणाऱ्याने चार ओळी लिहायच्या, खाली फ्लॅट नंबर. कधी जावं, काय मागवावं, तिखट किती, बसायची सोय. आपल्या सोसायटीतल्या कुणाचं हॉटेल असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. कुणाकडूनही जाहिरात घेऊन नाव घालायचं नाही, जाहिराती वेगळ्या पानावर.

*ए-२०३, ११:२६*
चालेल काका. एक चौकट मात्र द्या: ‘सर्वात जास्त घरांनी सांगितलेली ठिकाणं’. किती घरांनी मत दिलं आणि कसं मोजलं ते खाली छापू, म्हणजे वाचणाऱ्याला त्याचं वजन कळेल.

*ए-६०२, ११:२८*
अशी चौकट असेल तर माझी काही हरकत नाही. उलट मोठ्या मासिकांनीही हे ठळक अक्षरात छापावं.

*सेक्रेटरी (बी-५०१), ११:३०*
ठरलं. मजकूर रविवार रात्रीपर्यंत. वहिनी अंबिका लिहितील, बी-१०२ काका श्यामसुंदर. साधना कोण?

*डी-३०१, ११:३१*
मी लिहितो.

*बी-१०२, ११:३७*
शनिवारी सकाळी जाऊन पुन्हा खाऊन येतो, मग लिहितो. शेवटचा गेलो त्याला बरेच महिने झालेत.