धक्का तोच, पाणी वेगळे

हिवाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील खेड्यातून रोज छायाचित्र काढणे म्हणजे तोच राखाडी देखावा पुन्हा पुन्हा टिपणे, हे मत मला पटत नाही. डिसेंबरअखेर तेथील वायव्य किनाऱ्यावरच्या उल्लापूल या खेड्यात सूर्य नऊच्या सुमारास उगवून साडेतीनच्या आसपास मावळतो, हे खरे. परंतु भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने, दुपारी १२ वाजता धक्क्याच्या त्याच पायरीवरून टिपलेल्या चित्रात आठवड्याभरात ओहोटीच्या जागी भरती येते.

तेथे राहत असताना मी हेच केले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भर दुपारी पाणी दूर ओसरे आणि शेवंडांच्या सापळ्यांचे हिरवट दोर, दगडांना चिकटलेले फुगीर गाठींचे तपकिरी शेवाळ उघडे पडे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत मात्र त्याच वेळी खालच्या पायऱ्या पाण्याखाली असत. छायाचित्राखाली तारखेसोबत तिथीही लिहावी, असे मी आग्रहाने सुचवेन.