मदत हवी आहे: दिव्यांगांच्या रोजगारासाठी जिल्हा सल्लागार परिषद – निवेदनाचा ड्राफ्ट कुणाकडे आहे का? (अर्जंट)

पिरनवाडीकर
नमस्कार मंडळी. शुक्रवारी पालकमंत्री येतायत, आम्हाला दहा मिनिटं दिलीत, त्यात निवेदन द्यायचंय. मागणी अशी की दिव्यांगांच्या व्यवसाय पुनर्वसनासाठी (म्हणजे काम शिकवून रोजगाराला लावणं) जिल्ह्याला एक सरकारी सल्लागार परिषद पाहिजे, डीसी (कलेक्टर) साहेब अध्यक्ष आणि त्यात पालक, कारखानदार, बँकवाले, ट्रेनिंगवाले सगळे. कुणी असं काही केलंय का? ड्राफ्ट असला तर टाका. कलम पण पाहिजे, नाहीतर पीए लोक कागद घेतात आणि बाजूला ठेवतात. नेटवर बघितलं तर सगळं इंग्लिशमध्ये आणि प्रत्येकाचं वेगळंच. प्लीज लवकर, आणि 'आधी हे वाचा' म्हणून लिंका नकोत.

झेरॉक्सवाले अण्णा
परिषदेने कुणाचं पोट भरत नाही हो. मला लहानपणापासून पोलिओ आहे. दिव्यांग महामंडळाचं कर्ज काढून झेरॉक्स मशीन घेतलं, तहसीलच्या बाहेर बसतो, आता लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म पण भरून देतो. तुमच्या पोरांना असं काहीतरी काढून द्या. जागेसाठी ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीतून मागा.

धागेदोरे
जिल्हा कुठला? अपंगत्व कुठल्या प्रकारचं? वयं काय? संस्था रजिस्टर्ड आहे का? आणि नोकरी हवीय की स्वयंरोजगार? एवढं कळल्याशिवाय काय ड्राफ्ट देणार.

पिरनवाडीकर
संस्था नाही, पालकांचा ग्रुप आहे. परिषद सगळ्यांसाठीच पाहिजे ना, मग प्रकार कशाला? ड्राफ्ट आहे का तेवढं सांगा.

कलमबहाद्दर
नवीन परिषद मागूच नका, 'विचाराधीन' शेरा मारून फाईल बंद होईल. जे कायद्यात आहे ते मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ (१९ एप्रिल २०१७ पासून लागू), कलम ६६ खाली प्रत्येक राज्यात राज्य सल्लागार मंडळ असलंच पाहिजे. खात्याचा मंत्री अध्यक्ष, तज्ज्ञ पाच, जिल्ह्यांचे आळीपाळीने पाच, संस्थांचे दहा आणि ते दहा शक्यतो स्वतः दिव्यांग, त्यात निदान पाच बायका. शिवाय राज्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सचे तीनपर्यंत प्रतिनिधी. म्हणजे तुमचे कारखानदार कायद्याने आधीच आत आहेत. कलम ७० प्रमाणे सहा महिन्यांतून निदान एक बैठक झालीच पाहिजे. आणि जिल्ह्यासाठी कलम ७२, जिल्हास्तरीय समिती. ती राज्य सरकारने नेमायचीच आहे, मर्जीचा प्रश्न नाही. तुमचं निवेदन ७२ वर उभं करा.

अनघा_एनजे
मी न्यू जर्सीत असते, इथे डिट्टो हीच गोष्ट आहे म्हणून लिहितेय. १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टमध्ये १९९२ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून राज्याराज्यांत स्टेट रिहॅबिलिटेशन कौन्सिल असते, फक्त व्होकेशनल रिहॅबसाठी, म्हणजे तुमचं व्यवसाय पुनर्वसन. गव्हर्नर नेमतो. निम्म्याहून जास्त सभासद स्वतः दिव्यांग आणि त्या खात्याचे नोकर नसलेले असावे लागतात. उद्योग आणि कामगार यांचे मिळून किमान चार. वर्षाला किमान चार मीटिंगा आणि त्या लोकांसाठी खुल्या, जाहीर करून घ्यायच्या.

झेरॉक्सवाले अण्णा
अमेरिका आली का शेवटी धाग्यात.

अनघा_एनजे
का नाही यायची? भारतातलं मंडळ रॅम्पपासून सर्टिफिकेटपर्यंत सगळं बघतं, नोकरीचा विषय अजेंड्यावर शेवटी आणि तोवर चहा आलेला असतो. इथे वेगळी परिषद आहे म्हणून निदान त्यावरच बोलणं होतं. पिरनवाडीकर, तुमची मागणी अजिबात चुकीची नाही.

कलमबहाद्दर
चुकीची कोण म्हणतंय? कलम नाही त्याला, एवढंच. तुम्ही ज्याला परिषद म्हणता ते समितीचा उपगट म्हणून मागता येईल. सरकारला जे नाकारणं अवघड आहे ते आधी मागावं.

सुलभाताई
तुमच्या जिल्ह्यात अशी समिती आहे हो! लोकल लेव्हल कमिटी. कलेक्टर, एका संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आम्ही मुलीच्या पालकत्वासाठी गेलो होतो, काम झालं. तिलाच अर्ज करा.

कलमबहाद्दर
ताई, ती वेगळी. ती नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ ची, कलम १३. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांग एवढ्यांसाठीच आणि मुख्य काम कायदेशीर पालक नेमायचं. रोजगाराशी तिचा संबंध नाही. दोन्ही समित्या कलेक्टरांच्याच टेबलावर येतात म्हणून लोक सर्रास एकीचा अर्ज दुसरीला देतात.

सुलभाताई
संबंध कसा नाही? अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मतिमंद मुलाच्या नावाने कर्ज काढायला जा, बँक पहिली काय विचारते? पालकत्वाचा कागद. तो याच कमिटीकडून येतो. पुस्तकात नसेल संबंध, काउंटरवर आहे.

पिरनवाडीकर
सुलभाताई बरोबर बोलायल्यात. आमच्या ग्रुपची बहुतेक पोरं तशीच आहेत, शाळा अठराला सुटली आणि आता घरात. दोघं ऐकू न येणारी पण आहेत, त्यातला एकजण आयटीआय टर्नर.

धागेदोरे
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही?? टर्नर झालेला कर्णबधिर मुलगा आणि बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा, दोघांची गरज पूर्ण वेगळी आहे. टर्नरला सरकारी जागेत ४ टक्क्यांतला १ टक्का आहे, कर्णबधिर गट. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, मानसिक आजार, लर्निंग डिसॅबिलिटी आणि बहुविकलांग सगळ्यांना मिळून १ टक्का. कलम ३४. परिषदेत कोण बसणार यावर हेच ठरतं. बहुतेक समित्यांत चालता-बोलता येणारे लोक बसतात आणि न बोलणाऱ्या मुलांचे पालक बाहेर बाकावर.

नाना_शीव
पूर्वी असं नव्हतं. १९६८ ला केंद्र सरकारने मुंबईत आणि हैदराबादला व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटर काढलं, मुंबईचं आमच्या शीवला. माझा मेव्हणा तिथे गेला होता, कारखान्यात हात गेल्यावर. आधी तपासणी, मग एकेक दिवस वेगवेगळ्या कामावर बसवून बघायचे याला काय जमतं, काय आवडतं, मग मालकाला फोन. आता नाव बदललं, नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर. असं एक जिल्ह्याजिल्ह्याला झालं असतं तर परिषदा लागल्या नसत्या. बाकी तेव्हा लोकलचं भाडं किती होतं ते सांगत नाही, नाहीतर विषय भरकटेल.

मीरा_पुणे
विषयाला सोडून एक प्रश्न, यूडीआयडी कार्डवर (दिव्यांगांचं ओळखपत्र) एसटीत सोबतच्याला पण सवलत मिळते का? कंडक्टर वाद घालतो.

झेरॉक्सवाले अण्णा
कार्डावर अपंगत्वाचे टक्के किती आहेत त्यावर आहे. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

मिलिंद_उद्योग
मी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. मालकाच्या बाजूने कुणी बोललंच नाही. मला कुणी परिषदेला बोलावलं तर मी एकदा जाईन, भाषणं ऐकून परत जाणार नाही. मला काय पाहिजे, एक माणूस जो फोन केल्यावर येईल आणि पहिला आठवडा पोराबरोबर मशीनवर उभा राहील. माझ्याकडे ऐकू न येणारा एक आहे, कामाला नंबर एक. अडचण एकच होती, मागून ट्रॉली आली की कळायचं नाही. भोंग्याच्या वायरवर लाल फिरता दिवा जोडला, विषय संपला. हे कुणा समितीने नाही सांगितलं, आमच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं.

कलमबहाद्दर
मिलिंदराव, समान संधी धोरण लिहून दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं असतं आणि तुमच्याकडे वीस किंवा जास्त कामगार असतील तर एक संपर्क अधिकारी पण नेमायचा असतो. कलम २१ आणि २०१७ चे नियम.

मिलिंद_उद्योग
एकोणीस आहेत.

धागेदोरे
पण निवेदनात हे घालाच: जिल्ह्यात वीस किंवा जास्त कामगार असलेल्या किती कारखान्यांनी ते धोरण नोंदवलंय, यादी द्या. ही यादी टेबलावर आली की कारखानदार समितीत आपणहून येतात.

दिव्यांग_मित्र_सातारा
पूर्ण धागा वाचला नाही पण सोपं आहे. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला अर्ज, प्रत जिल्हा परिषद समाजकल्याण अधिकाऱ्यांना. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभागच आहे. पालकमंत्र्यांना सांगा मुंबईला फोन लावायला.

पिरनवाडीकर
पुणे-मुंबई कशाला? आमचं सरकार बेंगळूरला.

धागेदोरे
काय?

पिरनवाडीकर
बेळगाव. प्रोफाइलला लिहिलंय की. आणि वर डीसी म्हटलं होतं, आमच्याकडे कलेक्टरला डीसीच म्हणतात.

कोल्हापुरी_रस्सा
प्रोफाइल सोडा हो, आयडीच पिरनवाडीकर आहे, पिरनवाडी बेळगावजवळच. मी म्हटलं सगळ्यांना कळलंय.

झेरॉक्सवाले अण्णा
म्हणजे माझं महामंडळ गेलं बोंबलत. बघा, बेळगाव महाराष्ट्रात असतं तर ही वेळच

संपादक
अण्णा, पुढचं वाक्य नको. सीमाप्रश्नाचे धागे आहेत, तिकडे लिहा. या विषयावरचे पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

कलमबहाद्दर
माझं काहीच बदलत नाही. २०१६ चा कायदा केंद्राचा, ६६ आणि ७२ कर्नाटकालाही तितकीच लागू. फक्त जीआर आणि खात्यांची नावं बदला.

खानापूरची_सून
इथलं मी सांगते. खातं म्हणजे विकलचेतन व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण, जिल्ह्याला त्यांचे अधिकारी असतात. शिवाय कर्नाटकात गावपातळीवर व्हीआरडब्ल्यू (दिव्यांगांसाठीचे पुनर्वसन कार्यकर्ते) असतात, ग्रामपंचायतीत, तालुक्याला त्यांच्यावरचे एमआरडब्ल्यू. ते बहुतेक स्वतःच दिव्यांग असतात आणि कुठल्या घरात कोण आहे ते त्यांना तोंडपाठ असतं. समितीत कुणाला घ्यायचं म्हणाल तर आधी त्यांना घ्या, साहेबांना नंतर. आणि निवेदन मराठीत दिलं तरी चालतं, घटनेचं कलम ३५०, राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. पण काम व्हायला पाहिजे असेल तर सोबत कन्नड प्रत जोडाच, ती पुढे सरकते.

अनघा_एनजे
पोरं सध्या काय करतात? ट्रेनिंग कसलं हवंय ते लिहिलंत तर मागणी धारदार होईल.

पिरनवाडीकर
दिवाळीला पणत्या रंगवतात, मेणबत्त्या, फुलवाती. नातेवाईक घेतात कौतुकाने, मग वर्षभर काही नाही. आम्हाला ते नकोच आहे. इथल्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात एकजण वॉशर पॅक करायचं काम देतो म्हणालाय. आमच्यातल्या एका वडिलांनी, सुतार आहेत ते, एक फळी केलीय. फळीला दहा खळगे, प्रत्येक खळग्यात एक वॉशर बसतो. पोराला मोजता येत नाही पण खळगे भरले की फळी वाकडी करून पिशवीत ओततो. दहाची पिशवी, एकही चुकत नाही. कारखानदाराने स्वतः पिशव्या फोडून मोजल्या. पण तो म्हणतो, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, विमा कोण देणार, पोराला नेणार-आणणार कोण. ह्याचं उत्तर एका खात्याकडे नाही म्हणून सगळ्यांना एका टेबलावर बसवा म्हणायलोय. म्हणून परिषद.

मिलिंद_उद्योग
आता कळलं. ही फळी मंत्र्यांच्या टेबलावर ठेवा, निवेदन तिच्याखाली.

कलमबहाद्दर
घ्या, तीन मागण्या पुरे. (१) कलम ७२ च्या जिल्हास्तरीय समितीची बैठक महिन्याभरात लावावी आणि मागच्या बैठकांची इतिवृत्तं द्यावीत. (२) त्याच समितीत व्यवसाय पुनर्वसनासाठी उपगट करावा, निम्मे सभासद दिव्यांग किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे पालक, दोन कारखानदार, लीड बँकेचे मॅनेजर, आयटीआयचे प्राचार्य, एक व्हीआरडब्ल्यू. तीन महिन्यांनी बैठक. (३) कलम १९ प्रमाणे बौद्धिक अक्षमता, ऑटिझम आणि बहुविकलांग मुलांसाठी वेगळं कौशल्य प्रशिक्षण, बाजाराशी जोडलेलं. कायद्यातच तसं म्हटलंय, म्हणजे मेणबत्त्यांच्या ट्रेनिंगवर कुणी बोळवण केली तर बोट ठेवायला जागा आहे. (१) ची माहिती शुक्रवारपर्यंत मिळणार नाही, आरटीआय वेगळा टाकून ठेवा, तीस दिवस.

अनघा_एनजे
निम्मे आणि तीन महिने, दोन्ही आमच्याकडचं. आभार मानले तरी चालतील :)

कलमबहाद्दर
कोर्टात लागत नाही ते, पण मागायला हरकत नाही.

सुलभाताई
आणि पालकत्वाचे अर्ज पण त्याच दिवशी डीसी ऑफिसला द्या, फेरी वाचेल.

पिरनवाडीकर
हे चालतंय. विमा आणि नेण्या-आणण्याचं उपगटाच्या पहिल्या बैठकीचा विषय म्हणून घालतो. कन्नड टायपिंग कोण करून देईल काय? गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे.

खानापूरची_सून
मराठी फायनल करून व्यनित (खासगी मेसेजमध्ये) पाठवा. हाताने लिहिलेल्याचा फोटो नको, टाईप करून.